झाकलेलं टोपलं

वरवंटा काही सापडत नव्हता.

पाटा जागेवर होता. सांडशी, चाळणी, उलथणं, सगळं जागेवर होतं. वाटेत भाकरीबरोबर खायला पंचफुलेला मिरचीचा ठेचा वाटायचा होता, आणि पाट्यावरून वरवंटा तेवढा गेला होता. चाळीस वर्षांत तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर दोनदाच गेला होता, एकदा पवनच्या बारशाला आणि एकदा योगिनीच्या. दोन्ही वेळा त्याला टोपडं घालून, गालबोट लावून, बाळाच्या आधी पाळण्यात झोपवलं होतं. त्यानंतर त्याने मिरच्या आणि लसूण सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"वर्षे, वरवंटा कुठं ठेवला वं?"

"मी कायले हात लावू त्याले, आत्याबाई?" वर्षाराणी चुलीपाशी भाकरी फडक्यात बांधत होती. "दोन वर्षं झाले, माहं सारं मिक्सरवरच चालू हाय. द्या मिरच्या इकडे. एका मिनिटात होते."

"मिक्सरचा ठेचा म्हणजे मिरचीचं पाणी."

"पाणी तर पाणी. घोटीपर्यंत जायचं हाय. उन्हाच्या आत जालना मागे टाका लागते म्हणते तुमचा लेक."

लेक अंगणात गाडीची काच पुसत होता. एरवी घरात चमचा पडला तरी 'काय झालं माय?' म्हणून विचारणारा पवन. आज आईने तीनदा वरवंट्याचं नाव घेतलं, तरी त्याची मान वर झाली नाही. पुसलेलीच काच तो पुन्हा पुसत राहिला.

ओट्यावर दोन टोपली तयार होती. धाकट्यात काजळी मांजर, मोठ्यात तिची आई भुरी. प्रत्येक टोपल्यावर दुसरं टोपलं उपडं घातलेलं, आणि दोन्हींवरून पंचफुलेच्या जुन्या लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. धाकटं टोपलं आतून हलत होतं आणि रडत होतं. मोठं गप्प होतं.

या घरातली लेक आपला संसार मांडायला गेली, की तिच्या मागोमाग मांजर जायचं. पंचफुलेच्या सासूच्या सासूपासूनची ही रीत. दाणे भरलेल्या घरात उंदीर येणारच, आणि माहेरचं मांजर उंदरांबरोबर इतरही पुष्कळ गोष्टींवर लक्ष ठेवतं, असं सासू म्हणायची. मांजर न्यायचं ते झाकून. त्याला वाट दिसली, की ते आल्या वाटेने परत येतं. टोपलं उघडायचं ते नव्या घराच्या उंबऱ्यावर, तिथेच त्याच्या पंजांना तूप चोळायचं, आणि उंबऱ्यापर्यंत टोपलं न्यायचं ते भावानेच. जगदेव, पंचफुलेचा नवरा, आपल्या बहिणीचं मांजर असंच मंगरूळपीरला घेऊन गेला होता, एसटीतून, घोंगडीखाली. कंडक्टरने विचारलं तेव्हा कोंबडी आहे म्हणाला, आणि मांजर नेमकं तेव्हाच ओरडलं. त्या टोपल्याला एक भोक होतं. बाविसाव्या दिवशी मांजर केनवडला ओट्यावर हजर, आणि जगदेव पुन्हा एसटीत.

योगिनीचं मांजर मात्र राहून गेलं होतं. तिने कुणाला न विचारता वाशीमच्या कचेरीत सह्या करून फुलचंदशी लग्न केलं आणि घोटीला गेली. जगदेवने तिचं नाव टाकलं. पवनने फोनवर सांगितलं, 'मले परत फोन करू नोको,' आणि बहिणीनेही तो शब्द पाळला. सात वर्षं झाली. मधे जगदेव गेला तेव्हा ती आली, अंगणात बसली, माठातलं पाणी प्यायली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. भाऊ तिच्यासमोरून चार वेळा गेला. चारही वेळा त्याने वर पाहिलं नाही.

आता तिला नववा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर पवन म्हणाला, "तिनं मले बोलवावं, मी आणाले जातो." योगिनी म्हणाली, "त्यानं घ्याले यावं, मी येतो." असं करता करता मे आला आणि डॉक्टरने तिला लांबचा प्रवास बंद केला. दहा दिवसांपूर्वी जेवताना पंचफुला ताटावरून उठली होती. "तुमी बसा मान घेऊन," ती म्हणाली होती. "मीच जातो. मांजरीबी नेतो. अन् जमलं तं तिकडंच राहीन."

शेवटचं वाक्य तिने रागात टाकलं होतं. पण ते परत उचललंही नव्हतं.

"मी आणून ठेवतो गाडीत," पवन आत येत म्हणाला, आणि कुणी हात लावायच्या आत त्याने मोठं टोपलं उचललं. "भुरीले मीच टाकलं पहाटे. झोपीत व्हती."

"ओरडली नाही?"

"नाही. म्हातारी हाय. समजदार हाय."

"बोचकारलं नाही?"

"नाही म्हटलं ना माय. बस आता."

पंचफुला काठी टेकत गाडीत बसली. तेरा वर्षांची भुरी रोज रात्री तिच्या पायांवर झोपायची. ती एवढ्या शहाणपणाने टोपल्यात गेली, याचं तिला थोडं वाईटच वाटलं. निदान एकदा ओरडायचं तरी.

"एक गोष्ट आताच सांगतो," पवनने किल्ली फिरवली. "मी रोडवर सोडीन. तिच्या दारात येणार नाही."

"टोपलं कोण नेईन मंग उंबऱ्यावर? ते भावाचं काम हाय."

"जावई हाय ना तिथं."

"जावई भाऊ हाय का तिचा?"

पवनने गाडी रस्त्यावर घेतली. मागच्या सीटवर सासूशेजारी बसलेली वर्षाराणी हळूच म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई. गाडी नेऊन राह्यले हेच लय झालं." सुनेचं हे नेहमीचंच. नवऱ्याच्या बाजूने बोलायचं, पण आवाज सासूच्या बाजूचा ठेवायचा. पंचफुलेला ते कळत होतं आणि आवडतही होतं. घरात असं एक माणूस लागतं.

पंचफुलेने पदर सारखा केला. भाऊ बहिणीच्या दारात जाणार, हे तिने जगदेवच्या फोटोसमोर उभं राहून ठरवलं होतं. कसं, ते अजून ठरायचं होतं. सहा-सात तासांचा रस्ता पडला होता.

*

मेहकरला समृद्धीवर चढेपर्यंत काजळी एका सुरात रडत होती. सिंदखेडराजाच्या पुढे तिचा आवाज बसला. बाहेर पांढरा काँक्रीटचा रस्ता नजर जाईल तिथपर्यंत सरळ पडलेला होता, झाड नाही, टपरी नाही, माणूस नाही. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं तापत होती.

"मामंजी असते तं म्हणले असते, एवढ्या जागेत किती तूर झाली असती," वर्षाराणी म्हणाली.

"ते म्हणले असते, गाडी हळू चालव," पंचफुला म्हणाली.

"ऐंशीवर हाय माय. टायर तापते म्हून मुद्दाम हळू चालवून राह्यलो."

"तुले बोलली नाही. ते काय म्हणले असते ते सांगतलं."

गाडीचा एसी पुढच्या सीटपर्यंतच पोहोचत होता. मागे पायांशी ठेवलेल्या टोपल्यांना तर लुगड्याचे चार-चार थर. साडेदहा वाजले तसं ऊन काचेतून मांडीवर येऊन बसलं. वर्षाराणीने ओढणी खिडकीत अडकवली. पंचफुला वाकून कान देत होती. धाकट्या टोपल्यातून आता रडणं येत नव्हतं. वेगळाच आवाज येत होता, बारीक, भरभर, भात्यासारखा.

"थांबव गाडी."

"इथं थांबता येत नाही. काय झालं?"

"काजळी धापा टाकून राह्यली. कुत्र्यावानी."

"दहा मिनिटावर पंप हाय. तिथं हवाबी पाहायची हाय मले."

दहा मिनिटं पंचफुलेने टोपल्यावर पदराने वारा घातला. लुगड्याच्या थरातून वारा कुठे जाणार, हे तिला समजत होतं, तरी हात थांबला नाही.

पंपावर पवन गाडी हवेच्या रांगेत घेऊन गेला. त्याआधी दोघींनी दोन्ही टोपली उतरवून पत्र्याच्या शेडखाली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. मोठं टोपलं उतरवताना पवन काचेतून मान काढून म्हणाला, "भुरीले राहू द्या ना गाडीत. ती झोपली हाय."

"या उन्हात?" वर्षाराणीने त्याच्याकडे पाहिलं. "काय बोलता?"

मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि त्याला पुढे जावं लागलं.

पंचफुलेचा हात काजळीच्या गाठीवर थांबला. टोपलं उंबऱ्याच्या आधी उघडलं नव्हतं कुणी. सासूने नाही, जगदेवने नाही. वाटेत उघडलेलं मांजर टिकत नाही, असंच ती ऐकत आली होती.

"आत्याबाई, वाट दिसन म्हणता?" वर्षाराणीने विचारलं. "हे पाहा, तुमच्या सासूबाईंच्या येळेस मंगरूळपीर व्हतं. एसटी व्हती. अन् इथं तं एवढी आग हाय का..."

"सोड," पंचफुला म्हणाली. "वाट दिसली तं दिसली. मेलेलं मांजर लेकीले देऊ का?"

गाठ सुटली. काजळी तोंड उघडून, जीभ बाहेर काढून पडली होती. वर्षाराणीने, जी घरी मांजराचा केस चहात पडला म्हणून अख्खं भांडं घासायची, तिला सरळ मांडीवर घेतलं. ओढणीचं टोक टाकीखाली भिजवून तिने काजळीचे कान, पंजे, पोट पुसलं. पंचफुलेने ओंजळीतून पाणी दिलं. आधी काजळीने तोंड फिरवलं. मग एकदा जीभ लावली. मग ओंजळ संपवली, आणि वर पाहून असं ओरडली, की हवा भरणारा माणूससुद्धा वळला.

"जगली," वर्षाराणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला त्याचा राग आला होता. "काय माय हे मांजर!"

मग दोघींनी एकाच वेळी मोठ्या टोपल्याकडे पाहिलं.

पहाटेपासून तिथून आवाज आला नव्हता. रडणं नाही, खरवडणं नाही, धापही नाही. पंचफुला त्याच्याकडे सरकली. तिला गाठ सुटेना. बोटं घामाने निसटत होती. शेवटी तिने पदर ताणून वरचं टोपलं जरा तिरपं केलं आणि फटीतून हात आत घातला. लुगडं लागलं. लुगड्याखाली काही तरी गार, कडक, न हलणारं लागलं.

"गेली वं," ती म्हणाली. "वर्षे, माही भुरी गेली. आखडली."

वर्षाराणीने काजळीला बगलेत दाबलं आणि एका झटक्यात गाठ ओढून काढली.

टोपल्यात, पंचफुलेच्याच जुन्या हिरव्या लुगड्यात, तान्ह्या पोराला गुंडाळतात तसा नीट गुंडाळून, वरवंटा झोपला होता.

काजळीने वाकून वरवंट्याचा वास घेतला. त्याला लसणाचा वास येत असणार. तिने तोंड वाकडं केलं.

"मी म्हणत व्हती ना," वर्षाराणी म्हणाली, "मी हात नाही लावला त्याले."

"फोन लाव लखीरामले."

लखीराम शेजारचा. फोन लागला तेव्हा तो जेवत होता.

"भुरी कुठं हाय रे?" पंचफुलेने विचारलं.

"हाय ना वहिनी. तुमच्या ओट्यावर. दूध देल्लं सकाळी, संध्याकाळीबी देतो. पवन सांगून गेला व्हता, तुमी येईपर्यंत पाहाजो म्हणे." मग तो थोडा अडखळला. "पण तुमाले नोको सांगू म्हणला व्हता."

"मंग सांगतलं काहून?"

"आता तुमी विचारलं तं काय करू?"

फोन बंद झाला. वर्षाराणी ताडकन उठली. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "थांबा. आत्ताच विचारतो त्याईले. म्हाताऱ्या माणसाले असं फसवाचं? काळीज थांबलं असतं तुमचं इथं. मी आजपर्यंत त्याईच्या बाजूनं बोलली, पण हे नाही चालणार."

"बस," पंचफुला म्हणाली.

"काहून बसू?"

"बस म्हटलं ना."

पंचफुला वरवंट्याकडे पाहत होती. गुंडाळी तिने पाहिली. पवनने ती घाईत केलेली नव्हती. कडा आत दुमडल्या होत्या, डोक्याशी चुण्या घातल्या होत्या, बाळाच्या डोक्याला लागू नये म्हणून घालतात तशा. पहाटे, सगळे झोपेत असताना, अडतीस वर्षांचा माणूस अंधारात बसून दगड गुंडाळत होता. कशासाठी, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भुरी घरी राहिली, की म्हातारी घोटीला मुक्काम करणार नाही. आठवा दिवस नाही उजाडणार, ती परत येईल. मांजराला वाट दिसू देऊ नये म्हणतात. तिच्या लेकाने आईला वाट दिसत राहावी म्हणून मांजर मागे ठेवलं होतं.

"त्याले म्हणायचं व्हतं, माय, तू परत ये," पंचफुला म्हणाली. "एवढे चार शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. बहिणीले एक शब्द सात वर्षात निघाला नाही. बापावर गेला हाय तो."

वर्षाराणी खाली बसली. काजळीला मांडीवर घेत म्हणाली, "तुमी खरंच तिकडं राहणार व्हत्या का?"

"रागात म्हटलं व्हतं वं."

"मले झोप नव्हती दहा दिवस. घरात मी अन् ते. दोघं दोघं काय बोलाव?"

पंचफुलेला हसू आलं. तिने लुगडं पुन्हा जसंच्या तसं गुंडाळलं, कडा दुमडल्या, चुण्या घातल्या. वरचं टोपलं उपडं केलं.

"बांध गाठ. पहिल्यासारखी. अन् त्याले काही कळू देऊ नोको."

"मंग?"

"मंग काय. भुरीले भावानंच न्यावं लागते उंबऱ्यावर." ती काठी टेकून उठली. "पाहू किती उचलते."

*

छत्रपती संभाजीनगर मागे गेलं. काजळी आता उघडीच होती, वर्षाराणीच्या मांडीवर बसून खिडकीतून रस्ता बघत होती, जशी काही तोच पाहायला घरून निघाली होती.

"ही उघडी ठेवली तं परत पळन ना माय?" पवनने आरशातून विचारलं.

"पळू दे. केनवडचा रस्ता सरळ हाय आता, फाटा नाही फुटा नाही." पंचफुलेने मोठ्या टोपल्यावर हात ठेवला. "पण भुरीचं मले नवल वाटते बापू. कशी गुमान पडली हाय! हूं नाही का चूं नाही."

"झोपली असन."

"पाणी पाजू का थोडं?"

"नोको!" पवन जोरात म्हणाला आणि मग आवाज खाली आणला. "म्हंजे, झोपमोड कायले करतं."

"तेबी खरं हाय. हात लावून पाहू का, जिती हाय का नाही?"

"हाय. हाय जिती. मी पाहिलं मघा."

"कवा पाहिलं? तू तं हवा भरत व्हता."

वर्षाराणीने काजळीच्या पाठीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. पवनने आरशात पाहिलं. "तुले काय झालं?"

"केस गेला नाकात," आतून आवाज आला.

शिर्डीच्या अलीकडे एका थांब्यावर गाडीतच भाकरी खाल्ली. ठेचा पातळ झाला होता, बोटावरून ओघळत होता. "वरवंटा असता तं," पंचफुला म्हणाली आणि पुढचं घासाबरोबर गिळलं. पवनला ठसका लागला. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवून पाणी दिलं. लहानपणीही खोटं बोलला की त्याला ठसका लागायचा. एकदा योगिनीची पाटी याने फोडली होती आणि मांजराने फोडली म्हणून सांगितलं होतं. योगिनीला खरं माहीत होतं. तीही मांजराचंच नाव सांगत राहिली. त्या वयात दोघं एकमेकांसाठी असं बोलत.

सिन्नरच्या पुढे डोंगर दिसू लागले आणि उन्हाची धार उतरली. भरवीरला महामार्ग सोडून गाडी घोटीकडे वळली. रस्त्याच्या कडेला भाताच्या गिरण्या, पत्र्याची उंच शेडं, तुसाचे पिवळे ढीग. हवेत तुसाची धूळ होती. वर्षाराणी म्हणाली, "इथं उंदीर नसन तं कुठं असन!"

बाजारपेठ संपली तिथे, एका उंबराच्या सावलीत पवनने गाडी उभी केली.

"ते निळं शेड दिसते ना, तेच. फुलचंदले फोन करा. तो सामान नेईन."

बहिणीचं नाव त्याने घेतलं नाही. पण निळं शेड त्याला विचारल्याशिवाय माहीत होतं. पंचफुलेने ते मनात ठेवलं.

"जावई गिरणीसाठी भात आणाले गेले हाय," ती म्हणाली. "संध्याकाळी येतीन. वर्षे, तू काजळीले धर अन् भाकरीची पिशवी घे. मले काठी हाय. पवन, तू भुरीचं टोपलं घे बापू."

"मी सांगतलं व्हतं ना माय."

"आत ये म्हणलं का? उंबऱ्यावर ठेव अन् जाय. तुह्या बापानं दोनदा नेलं मंगरूळपीरले. तुले पन्नास पावलं जड झाले?"

पवन उभा राहिला. त्याच्या तोंडावरून त्याचा हिशोब तिला वाचता येत होता. टोपलं ठेवायचं, उघडायच्या आत गाडीत बसायचं, आणि शिर्डीपर्यंत फोन उचलायचा नाही. त्याने टोपलं उचललं. ओझ्याने नव्हे, तरी त्याच्या कपाळावर घाम आला.

पंचफुला मुद्दाम मागे राहिली. काठी टेकत, एकेक पाऊल मोजून. वर्षाराणीही तिच्या चालीने चालू लागली. पुढे एकटा पवन, दोन्ही हातांत झाकलेलं टोपलं घेऊन, पांढऱ्या सदऱ्यात, बहिणीच्या घराकडे चालला होता. जगदेव असाच चालायचा, टोपलं पोटाशी धरून, मान जरा तिरपी करून.

घर शेडला लागूनच होतं. दार उघडं होतं. गाडीचा आवाज ऐकून योगिनी आधीच बाहेर येत होती, एक हात कमरेवर, एक भिंतीला. भावाला समोर पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

शेडमधली चिमणी तेवढी बोलत होती.

पवन वाकून टोपलं ठेवू लागला. पण उंबरा उंच होता आणि त्यातच योगिनी उभी होती. तिने बाजूला व्हायच्या ऐवजी दोन्ही हात पुढे केले. माहेरचं मांजर आलं होतं. सात वर्षं उशिरा, पण आलं होतं. तिने टोपल्याच्या खाली हात घातले.

"आण. मी घेतो."

"तू नोको उचलू," पवन म्हणाला. "जड हाय."

मागे फाटकापाशी पंचफुलेने काठी जमिनीत रोवली आणि तिथेच थांबली.

योगिनीचे हात टोपल्याखालीच होते. "मांजर एवढं जड?" ती म्हणाली. "काय खाऊ घालता तिले?"

पवनने वळून आईकडे पाहिलं. पंचफुला फाटकाजवळच्या नळाखाली पाय धुण्यात गुंतली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती काजळीशी काही बोलत होती. त्याला कुठूनच मदत आली नाही. मग तो पायरीवर बसला, टोपलं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडली.

योगिनीने हिरवं लुगडं ओळखलं. मग त्यातला काळा दगड ओळखला.

"हा तं आपला वरवंटा."

"हो."

"अन् भुरी?"

"घरी हाय." पवन वरवंट्याकडे पाहत बोलत होता. "माय म्हणत व्हती, तिकडंच राहीन. म्हणलं, भुरी घरी असली तं... येईन परत." मग लुगड्याची कड सारखी करत तो म्हणाला, "तुह्यासंग काही नाही. तुह्यासंग तसं काही नाही माहं."

योगिनी भिंतीला धरून हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं. पवनने एका हाताने वरवंटा छातीशी धरला आणि दुसऱ्याने तिचा दंड धरून तिला पायरीवर बसवलं. मग ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळत नसावं. पवन तिच्या शेजारी बसून होता आणि तिचा दंड सोडायचं विसरला होता.

"दुपारी मिक्सरचा ठेचा खाल्ला मी तुह्यापायी," पंचफुला ओल्या पायांनी येत म्हणाली.

पवनने मान वर केली. "तुले माहीत व्हतं?"

"जालन्यापासून."

"अन् पाणी पाजू का म्हणत व्हती?"

"मंग? तहान लागत नाही का त्याले?" तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "राहू दे तो इथंच. महिन्याभरात पाळण्यात झोपवा लागते त्याले. तुमा दोघाईच्या बारशाले हाच व्हता, तिसऱ्यालेबी हाच. तू मामा हाय. बारशाले येजो, अन् जाताना दोघाईले घेऊन जाजो, त्याले अन् मले. भुरीले सांगजो, माय येते म्हणून."

पवनने नुसती मान हलवली. पण वर्षाराणीने मोठा श्वास सोडला, दहा दिवसांचा.

"अन् हिचं काय आत्याबाई?" तिने काजळीला पुढे केलं. "हिनं तं सारा रस्ता पाहिला. पळून आली केनवडले तं?"

"येऊ दे. वाट माहीत असलेली बरी." पंचफुलेने पिशवीतून तुपाची वाटी काढली. "पाय धर तिचे."

योगिनी उठू लागली. "बसा सारे, चहा ठेवतो. दादा, तो दगड कायले कवटाळून बसला? आत ठेव. ओट्याच्या खाली, डाव्या हाताले."

पवन उठला. दोन्ही हातांत वरवंटा, अजून बाळासारखाच गुंडाळलेला. लक्ष सगळं त्यात, डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून तिरपं केलेलं. त्याने उंबरा ओलांडला आणि तो आत गेला.

"दादा, चपला!" योगिनी ओरडली. "आत्ताच पुसलं ना मी घर!"